न्यूनगंडाचा फ्लेक्स

माझ्या कामाला खुर्च्या लागतात. सगळ्या एकसारख्या, एका उंचीच्या. बारामतीतल्या ज्या रुग्णालयात मी मानसोपचार विभागात समाजसेविका होते, तिथल्या स्टोअरकीपरला हे पटवताना माझ्या नाकी नऊ आले. त्याचं म्हणणं, "मॅडम, बसायचंच हाय ना? मग कशावर का बसंनात."

पहिल्या शनिवारी त्यानं दिलेल्या खुर्च्यांत एक गादीची, हातवाली होती आणि बाकी प्लॅस्टिकच्या. लोक आले, गोल करून बसले आणि गादीची खुर्ची कुणी न सांगता माझ्यासाठी रिकामी राहिली. मी ती उचलून बाहेर ठेवली आणि म्हटलं, सगळेच सतरंजीवर बसू. माझ्या मते मी फार समतेचं काहीतरी करत होते. गटातले सर्वांत वडीलधारे तात्या उभेच राहिले. म्हणाले, "जमिनीवर लय बसलोय मॅडम. हितं तरी खुर्ची द्या."

मी सतरंजी गुंडाळली. त्या गटाचा पहिला धडा मला असा मिळाला.

गट-उपचार म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगायचं तर सोपं आहे. एकाच जातीचं दुखणं असलेली माणसं ठरल्या वेळी एकत्र बसवायची आणि बोलू द्यायची. 'एकाच जातीचं' हे आपण सहज म्हणतो, पण आमच्या शनिवारच्या गटात ते शब्दशः खरं होतं. दुखणं जातीचंच होतं. नियम थोडे असतात. कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही. 'एवढं मनावर घेऊ नका' असं म्हणायचं नाही. 'समाज असा आहे, लोक तसे आहेत' असं भाषण न करता 'मला असं झालं' असं बोलायचं. आणि सर्वांत मोठा नियम, इथलं इथंच ठेवायचं. बोलणाऱ्याचं बोलून होईपर्यंत माझ्यासारखीनं तोंड मिटून बसायचं, याला कौशल्य म्हणतात आणि त्याचा पगार मिळतो.

गट सुरू झाला तो आमच्या डॉक्टरांच्या वैतागातून. त्यांच्याकडे दुसऱ्या विभागांतून पेशंट यायचे. छातीत दुखतंय, हात थरथरतोय, चक्कर येतेय. तपासण्या मात्र सगळ्या स्वच्छ. खोदून विचारलं की प्रत्येकाची गाडी शेवटी एकाच स्टेशनात येऊन थांबायची. डॉक्टर मला म्हणाले, "गोळ्या मी देतो, पण याची गोळी अजून निघालेली नाही. तुम्ही बसवा यांना एकत्र."

त्यातल्या तिघांबद्दलच लिहिणार आहे. तिघांना विचारूनच लिहितेय, नावं बदलून. तात्या म्हणाले होते, "माझं नका बदलू, मी कुणाला भीत न्हाय." म्हणून त्यांना नुसतं तात्याच ठेवलंय.

सचिन इंदापूरजवळच्या एका हायस्कुलात शिक्षक. राहायला बारामतीत, एका बऱ्या कॉलनीत, भाड्यानं. त्याचं आडनाव असं की ते चार जातींत सापडतं. घरमालकांनी आडनाव ऐकलं, आपल्यातलंच समजून किल्ली दिली आणि सचिननं ती समजूत दुरुस्त केली नाही. तेवढ्यानं त्याच्या आयुष्याची वाट लागली. निळ्या कोटातला जो फोटो त्याच्या आईनं जन्मभर हार घालून पुजला, तो या घरात साड्यांच्या कपाटात टॉवेलात गुंडाळून ठेवलेला. बायकोला ताकीद, शेजारणीशी माहेरच्या गोष्टी जास्त करायच्या नाहीत. एका संध्याकाळी त्याच्या लहान मुलीनं जिन्यात उभं राहून फोनवर आपल्या आजोबांना मोठ्यानं 'जय भीम आजोबा' म्हटलं. घरमालक खाली झाडांना पाणी घालत होते. त्यांनी ऐकलं की नाही हे कळायला मार्ग नव्हता. त्याच संध्याकाळी सचिनला छातीत कळ आली म्हणून आमच्याकडे आणलं. ईसीजी उत्तम.

अश्विनी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. आमच्याच वॉर्डांत ड्यूटी करायची. कुठल्याही खोलीतून बाहेर पडताना ती आपली बॅग टेबलावर उलटी करायची. डबा, रुमाल, पुस्तक, कंगवा, सगळं पसरून दाखवायची, परत भरायची आणि मग जायची. वॉर्डातल्या सिस्टर हसायच्या. डॉक्टरांना आधी वाटलं, मंत्रचळ आहे. मी हॉस्टेलला चौकशी केली तेव्हा कळलं की तिथं एका मुलीचा मोबाइल हरवला होता आणि पहिली झडती, एकटीची, अश्विनीची झाली होती. ती पारधी समाजाची. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. आईशी फोनवर बोलताना घरची भाषा तोंडातून निघाली आणि शेजारच्या कॉटवरच्या मुलीनं ओळखलं. तेव्हापासून ती आईशीसुद्धा मराठीत बोलायची. आईला मराठी नीट यायचं नाही. मोबाइल नंतर गादीखाली सापडला. झडती घेतलेलं मात्र कुणी परत घेतलं नाही.

आणि तात्या. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, राहणार सुप्याकडचे. शेतात कुदळ मारताना, मोटारसायकल चालवताना त्यांचा हात दगडासारखा स्थिर. पण दुसऱ्याच्या घरी कुणी चहाचा कप पुढं केला की थरथर सुटायची, चहा बशीत, बशीतनं धोतरावर. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढून सांगितलं, काही नाही. तात्या मला म्हणाले, "बरोबर हाय त्यांचं. मेंदूत न्हायच ते. ल्हानपनी हाटेलात आमची कपबशी येगळी, वळचणीला ठेवलेली असायची. आपली आपण घ्यायची, आपली आपण धुवायची. आता लोक हातात देत्यात कप. हाताला अजून पटत न्हाय."

तिसऱ्या की चौथ्या शनिवारी सचिननं मला विचारलं, "मॅडम, राग मानू नका. तुमची जात कोणती?"

आम्हाला शिकवलेलं असतं की स्वतःबद्दल विचारलं तर प्रश्नाला प्रश्नानं उत्तर द्यायचं. मी म्हटलं, "हे विचारावंसं का वाटलं तुम्हाला?"

तात्या हसले. "मॅडम, आमी कपडे काढून बसलोय हितं. तुमी नुसतं बघत बसणार व्हय?"

मग मी सांगितलं. शिंपी. सुप्याची. वडिलांचं बाजारपेठेत दुकान होतं. शिंपी म्हणजे नेमके कुणाच्या बाजूचे हे कुणालाच चटकन ठरवता येत नाही, याचा मला आयुष्यभर फायदाच झाला होता.

तात्या माझ्याकडे बघत राहिले. "नाना शिंप्याची तू?"

मॅडमची मी एकदम 'तू' झाले. मला ते आवडलं. म्हटलं, "हो."

"नानाचं लय नाव होतं. नुसत्या नजरंनं माप घ्यायचा."

ही आमच्या घरातली अभिमानाची गोष्ट. आई सगळ्यांना सांगायची, यांना फीत लागत नाही, यांच्या डोळ्यातच फीत आहे. मी तोंडभर हसून म्हटलं, "हो, ऐकलंय मी."

"आमचं नजरंनं घ्यायचा," तात्या शांतपणे म्हणाले. "बाकीच्यांचं फितीनं."

तात्यांचा सूर कुठंही चढला नव्हता. ते पुढं म्हणाले, "आमी पायरीच्या खाली हुबं ऱ्हायाचं. नाना वरनं बघायचा, मान हालवायचा, झालं. आन् कापड असं बसायचं, बाही कधी आखूड न्हाय का गळा ढिला न्हाय. त्येच तर अवघड होतं. येवढं नेटकं बसायचं म्हून कुणाला बोलाय जागाच न्हवती."

मी गटाची प्रमुख होते. अशा वेळी आपलं मन बाजूला ठेवून गट सांभाळायचा असतो. मी म्हटलं, "तात्या, तेव्हा तुम्हाला काय वाटायचं?" पुस्तकातला प्रश्न. त्यांनी माझ्याकडे कणव आल्यासारखं पाहिलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरी आज."

रविवारी सुप्याला गेले, आईला विचारलं. ती मेथी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "तवा तसंच होतं." आणि निवडत राहिली. वडील जाऊन बरीच वर्षं झालीत. त्यांच्या कौशल्याची ती गोष्ट मी नंतर कुणाला सांगितलेली नाही. आज पहिल्यांदा सांगतेय, ती अशी.

त्या दिवसानंतर गट मोकळा झाला. सचिन एकदा हुंदके देऊन रडला. आपल्याच मुलीला आपण तिच्या आजोबांचा नमस्कार चोरून करायला शिकवतोय, हे त्यानं पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारलं. आणि एका शनिवारी अश्विनी उठली, बॅग खांद्याला लावली आणि थेट दाराकडे गेली. दारात थांबली. आम्ही सगळे बघतोय हे तिला कळत होतं.

तात्या म्हणाले, "आज बॅग न्हाय का दाखवायची?"

"तात्या, तुमचं काय हरवलंय का?"

"न्हाय."

"मग कशाला दाखवू?"

आणि ती गेली. माझ्या सगळ्या नोकरीत मला इतका आनंद झाल्याचं आठवत नाही.

याच सुमाराला शहाजीराव आले. नाव हेही बदललेलं. इंदापूर तालुक्यातले, नीरेकाठचे बागायतदार. ऊस, ट्रॅक्टर, दारात गाडी. झोप येत नाही म्हणून डॉक्टरांकडे यायचे. बाहेरच्या बाकावर कुणाकडून तरी या गटाबद्दल त्यांनी ऐकलं आणि माझ्यासमोर येऊन बसले. "आमालाबी बसू द्या की. जात काय फक्त त्यांनाच हाय? आमचंबी दुखतं."

असल्या माणसाला घ्यावं की नाही, यावर आमच्या धंद्यात दोन मतं आहेत. ज्यांच्यामुळे दुखलं त्यांच्यासमोर दुखणाऱ्यानं उघडं व्हावं का? मी गटालाच विचारलं. सचिन नको म्हणाला. अश्विनीनं तात्यांकडे पाहिलं. तात्या म्हणाले, "येऊ द्या. पाणी देऊ त्याला आपल्या हातानं. पितो का बघू."

शहाजीराव पाणी प्याले. मग बराच वेळ पोराबद्दल बोलले. पोराला नोकरी नाही, शेती करायची नाही, कॉलेजात मुलं त्याला 'पाटील' म्हणून टोमणे मारतात. "आमची बाजू कुणी इचारतच न्हाय," असं शेवटी म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच दुखत होतं.

मग अश्विनी बोलली. ती लहान असताना त्यांची पालं नदीकाठच्या एका गावात, उसाच्या कडेला पडली होती. गावात चोरी झाली. दुपारी माणसं आली, पालांच्या दोऱ्या कापल्या आणि पेटवून दिलं. आत्याची शेळी खुंट्याला होती. ती सोडवायला कुणाला वेळ मिळाला नाही. "चोर नंतर गावातच सापडला," अश्विनी म्हणाली. "आमाला ते पुढं बाजारात कळलं. सांगायला कोण आलं न्हाय."

शहाजीरावांनी विचारलं, "गाव कंचं म्हणालीस?"

तिनं नाव सांगितलं. त्यांनी आणखी एक पेला पाणी मागून घेतलं. पुढच्या शनिवारी ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही.

आता फ्लेक्सचं सांगते.

आमच्या संस्थेच्या सचिवांना गटाची कीर्ती समजली होती. पुढच्या बुधवारी वर्धापनदिन होता, मोठे पाहुणे यायचे होते. सचिव म्हणाले, गटातल्या दोघा-तिघांनी व्यासपीठावरून अनुभव सांगावेत. मी नाही म्हटलं. मग फोटो तरी घेऊ, म्हणाले. मी त्यालाही नाही म्हटलं आणि 'इथलं इथंच' हा नियम त्यांना समजावून सांगितला. त्यांनी अगदी गंभीरपणे ऐकून घेतला. सचिव अतिशय सभ्य गृहस्थ. कुणाला कधी एकेरी बोलायचे नाहीत. मात्र त्याच शनिवारी दार उघडून त्यांचा जनसंपर्क अधिकारी मोबाइल उंच धरून आत आला, "दोनच मिनिटं मॅडम" म्हणाला आणि मी त्याला बाहेर काढेपर्यंत त्याचं काम झालं होतं.

सोमवारी सकाळी रुग्णालयाच्या फाटकावर भलामोठा फ्लेक्स लागला. 'जातीय न्यूनगंडावर मोफत समूह-उपचार. संकोच सोडा, समाजात मिसळा.' खाली आमचा गोल. मी पाठमोरी. तात्या समोरून, अश्विनी मांडीवर बॅग घेतलेली, सचिन एका बाजूनं पण ओळखू येईल असा.

मी सचिवांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "यांना न्यूनगंड आहे असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मग काय म्हणायचं? शास्त्रीय शब्द आहे मॅडम."

"ही माणसं स्वतःला कमी समजत नाहीत. लोक त्यांना कमी समजतात. दुखणं लोकांचं आहे, लक्षणं यांच्यात दिसतात."

"छान वाक्य आहे," ते म्हणाले. "बुधवारी भाषणात घेऊ का?"

फ्लेक्स काढायला ते तयार नव्हते. पाहुणे येऊन जाईपर्यंत राहू द्या, म्हणाले.

सचिनच्या घरमालकांना फ्लेक्स पाहायला बुधवार उजाडावा लागला नाही. ते सोमवारी संध्याकाळीच वर आले. सचिननं मला फोनवर सगळं सांगितलं. घरमालक चहा घेऊन, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले होते, "सर, आमच्या मनात काय न्हाय बरं का. आमी असलं मानतच न्हाय. पण तुमी आधी सांगायला पायजे होतं. आता कसंय, पोरीचं लग्न जमवायचंय, पाव्हणेरावळे येणार, घर रंगवायला काढायचंय. महिनाअखेरीला बघा कुठं तरी." एक शब्द वाईट नाही. सचिन म्हणाला, "मॅडम, शिवी दिली असती तर भांडता आलं असतं."

मंगळवारी दुपारी वॉचमन जेवायला बसला असताना कुणीतरी फ्लेक्स कापला. सगळा नाही. तात्यांचा, सचिनचा आणि अश्विनीचा चेहरा तेवढा गोल कापून नेला. अक्षरं तशीच आणि गळ्यांच्या वर तीन भोकं. वारा आला की त्यांतून पलीकडचा रस्ता दिसायचा.

मला निरोप मिळाला तोवर अश्विनीला वॉर्डातून सचिवांच्या केबिनमध्ये उभं केलेलं होतं. ती दुपारभर ड्यूटीवर होती. सलाइन लावताना तिला सगळ्या वॉर्डानं पाहिलं होतं. पण सचिव तिला समजावत होते, "हे बघा, आम्ही तक्रार करणार नाही. तुमच्या करिअरचा प्रश्न आहे. नुसतं कबूल करा."

"मी केलं न्हाय सर."

"हत्यार चालवायची सवय प्रत्येकाला नसते," जनसंपर्क अधिकारी बाजूनं म्हणाला.

मग बॅग तपासायचं ठरलं. अश्विनीनं बॅग टेबलावर ठेवली आणि हात मागं घेतले. "उघडा तुमी," म्हणाली. "मी न्हाय उघडणार." मेट्रननं उघडली. डबा, रुमाल, पुस्तक, कंगवा.

मी बाहेर येऊन तात्यांना फोन लावला. ते घरी पोचत होते. एवढंच म्हणाले, "आलो." मिळेल त्या जीपनं ते परत आले, केबिनमध्ये शिरले आणि कापडी पिशवीतून तिन्ही चेहरे काढून टेबलावर मांडले. "मी कापलं. इळा घरचा हाय. लिवून घ्या."

सचिव खुर्चीतून उठले. त्यांनी तात्यांना बसायला सांगितलं, पाणी मागवलं. "तात्या, तुमचं वय काय, तुम्ही हे कशाला करता? तुमच्या मनाचा मोठेपणा कळतो. पण पोरीनं तुमच्याकडे ठेवायला दिले आणि तुम्ही आळ अंगावर घेताय, एवढं न कळण्याइतके आम्ही वेडे नाही."

तात्यांना आधी समजलंच नाही. मग समजलं. ते म्हणाले, "सायेब, जन्मभर न केलेल्याचा आळ आमच्यावर यायचा, तवा लगीच इश्वास बसायचा सगळ्यांचा. आज केलंय म्हनतोय तर बसंना व्हय?"

तात्यांना न्यूनगंड होता म्हणे.

फाटकावर कॅमेरा होता. तो बघा म्हणून मी हट्ट धरला तेव्हा दुसऱ्या दिवशी, पाहुण्यांची वर्दळ आटोपल्यावर बघितला गेला. त्यात तात्या स्वच्छ दिसत होते. निवांत, विळ्याच्या टोकानं, शेतात काम करावं तसे कापत होते. अश्विनीच्या चेहऱ्यापाशी त्यांनी फार जपून कापलं होतं. त्यांचा हात जराही हलत नव्हता.

सचिवांनी पडदा बंद केला. "बरं झालं. मिटलं. विषय इथंच संपवू." आणि अश्विनीला म्हणाले, "या तुम्ही. ड्यूटीवर जा."

अश्विनी हलली नाही. "सर, सॉरी म्हणा."

सचिव मनापासून चकित झाले. "अहो, तक्रार केलीच नाही आम्ही. मग सॉरी कशाबद्दल?"

पुढच्या महिन्यात कॉलेजमार्फत तिनं पुण्यातलं दुसरं रुग्णालय मागून घेतलं आणि गेली.

गट बंद झाला. तोंडीच सांगितलं, विषय संवेदनशील आहे, तूर्त थांबवू. शनिवारी त्या खोलीत आहारमार्गदर्शन सुरू झालं. तो स्टोअरकीपर एकदा भेटला तर म्हणाला, "मॅडम, खुर्च्या मात्र चांगल्या मिळाल्या त्यांना तुमच्यामुळं." सचिन इंदापूरला आपल्या माणसांच्या वस्तीत राहायला गेला. फोटो आता हॉलमध्ये आहे, मुलगी मोठ्यानं बोलते, छातीतली कळ पुन्हा आली नाही. त्यानं मला विचारलं, "मॅडम, याला बरा झालो म्हणायचं, का पळून आलो म्हणायचं?" तात्या बारामतीच्या बाजाराला येतात तेव्हा माझ्याकडे डोकावतात. चहा मी कपात ओतते, कप टेबलावर ठेवते. हातात देत नाही. हे उपचारशास्त्रात बसत नाही, पण आता आम्ही दोघांनी शास्त्र करायचं सोडलंय.

मी निवृत्त झाल्यावर गेल्या हिवाळ्यात शहाजीरावांचा फोन आला. "मॅडम, तुमचा तो गट आमच्या गावात बसवा. आमच्या लोकांचा. जागा मी देतो."

मी गेले. खरं सांगायचं तर उमेदीनं गेले. इतकी वर्षं मी मार खाल्लेल्यांना बसवत होते. मारणाऱ्यांतलं कुणी आपणहून बोलावतंय, हे पहिल्यांदाच घडत होतं. सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंज्या नव्हत्या, खुर्च्या होत्या, सगळ्या सारख्या. शहाजीरावांनी घरोघरी सांगितलं होतं. आम्ही बसून राहिलो. दोघंजण दारात आले, "सभा कसली, ऊसदराची का?" म्हणून विचारलं आणि नाही म्हटल्यावर गेले. बाकी कुणी आलं नाही.

"मी सांगितलं सगळ्यांना," शहाजीराव म्हणाले. "म्हणले, आमाला काय झालंय?"

मी निघायच्या बेतात होते. ते म्हणाले, "बसा. मी हाय की."

आणि ते बोलले. नियमाप्रमाणे, 'मी' म्हणून बोलले. त्या दुपारी मी होतो त्यात. मी काडी लावली नाही, पण दोऱ्या कापणाऱ्यांत मी होतो, तेव्हा नुकतं लग्न झालं होतं. पहिली दोरी कापली तेव्हा पाल अंगावर आल्यागत खाली आलं. "शेळी वरडत होती मॅडम. दावं माझ्या हाताच्या अंतरावर होतं. दोऱ्या एवढ्या कापल्या, ती एक न्हाय कापली. त्या आवाजानं झोप लागत न्हाय, म्हणून तर डाक्टरकडं येत होतो. आन् हितं ती पोर म्होरं बसलेली."

मी विचारलं, "तिला सांगायचंय तुम्हाला?"

"तुमी सांगा."

"इथलं इथंच, शहाजीराव. सांगायचं तर तुम्ही. तिचा नंबर तिला विचारून देईन."

ते उठून हॉलचं दार लोटून आले. मग म्हणाले, "माझ्यानं व्हायचं न्हाय. तुमी लिवता ना दिवाळी अंकात? त्यात लिवा. नाव घालू नका, गाव घालू नका. तिनं वाचलं तर वाचलं."

मी लिहीन म्हटलं आणि त्यांचा चेहरा ओझं उतरल्यासारखा एकदम हलका झाला. त्यांनी घरून चहा मागवला, आग्रहानं पाजला, मला बारामतीपर्यंत गाडीनं सोडलं. पंधरा दिवसांनी फोन करून सांगितलं, झोप लागतेय. गोळी बंद केली. गट-उपचारानं पूर्ण बरा झालेला माझ्या हातचा पेशंट म्हणजे हा एकच.

त्यांना शब्द दिला होता म्हणून हे लिहिलं. अश्विनी आता पुण्यात कायम झाली आहे. ती दिवाळी अंक वाचत नाही. दिवाळीत बाकीच्या मुलींना गावी जायचं असतं, म्हणून ती त्यांच्याही ड्यूट्या करते. हे मला माहीत आहे आणि शहाजीरावांना मी ते सांगितलेलं नाही. परवाच त्यांचा फोन होता. आवाज चांगला खणखणीत होता. विचारत होते, अंक कधी निघतोय.